रुडॉल्फची नेमकी कुठली प्रत घ्यावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ओहायोत अकरा वर्षं राहून तुम्ही यंदा पुण्याला परत आलात आणि येताना तेवीस व्हिडिओ कॅसेट सोबत आणल्यात. बहुतेक गॅरेज सेलमधल्या, तर एक तुमच्या सासऱ्यांनी १९८५ च्या डिसेंबरात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, हाताने लेबल लिहिलेली. आता मुलांसाठी जुन्या अमेरिकन ख्रिसमस स्पेशलच्या, म्हणजे दर नाताळात टीव्हीवर लागणाऱ्या खास कार्यक्रमांच्या, चांगल्या डिस्क घ्यायच्या आहेत. सगळ्यात पूर्ण आवृत्ती कुठली, ती पुण्यात लागेल का, आणि डिस्क आल्या की कॅसेट भंगारात द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता लिहिलंय, की तुमच्या बायकोला ‘रुडॉल्फ’ या लाल नाकाच्या रेनडिअरच्या स्पेशलमधलं लहानपणीचं एक गाणं आठवतं आणि ते आजच्या प्रतींत सापडत नाही. तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. बाकी सगळ्याची उत्तरं त्यातून निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी १९९४ पासून न्यू जर्सीत राहते. मुलगी लहान असताना हे स्पेशल जमवायला लागले, ते अजून थांबलेलं नाही. पंधराएक वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांच्या कॅसेट डिजिटल करून देते, त्यामुळे वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वर्षी रेकॉर्ड झालेला एकच कार्यक्रम अनेकदा डोळ्यांखालून गेलाय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सिनेमा थिएटरला लागला की त्याची एक प्रत ठरून जाते, टीव्हीच्या स्पेशलचं तसं नसतं. तो दर वर्षी एकदा लागायचा आणि दर वर्षी त्याला कात्री लागू शकायची. प्रायोजक बदलला, प्रेक्षकांची पत्रं आली, जाहिराती वाढल्या, की काहीतरी जायचं, काहीतरी यायचं. १९६० च्या दशकात अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला पंचवीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळायचा. आज तोच अर्धा तास एकवीस-बावीस मिनिटांचा असतो. मधली मिनिटं कुठून तरी कापावीच लागतात. म्हणून ‘सगळ्यात पूर्ण आवृत्ती कुठली’ असं विचारलं तर सरळ उत्तर येत नाही. ‘मला कुठल्या वर्षीचा कार्यक्रम हवाय’ असं विचारलं की येतं.

‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हे याचं उत्तम उदाहरण. ६ डिसेंबर १९६४ ला तो एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पहिल्यांदा लागला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रायोजकत्वाखाली. रँकिन-बास या अमेरिकन कंपनीचा कार्यक्रम, पण बाहुल्या एकेक फ्रेम हलवून चित्रण झालं टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. बरेचसे आवाज रेकॉर्ड झाले टोरांटोत. त्या पहिल्या प्रसारणात नको असलेल्या खेळण्यांच्या बेटावरच्या खेळण्यांना न्यायला सांताक्लॉज येतच नाही. रुडॉल्फ वचन देतो आणि गोष्ट पुढे निघून जाते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, म्हणून १९६५ मध्ये सांता त्यांना गाडीत घेतो तो प्रसंग नव्याने चित्रित करून जोडला. आज आपण तोच शेवट ‘मूळ’ समजतो, पण तो एक वर्ष उशिरा आलेला आहे.

त्याच वेळी दोन गोष्टी बदलल्या. रुडॉल्फ आणि दातांचा डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणारा हर्मी जिथे एकमेकांना भेटतात, तिथलं ‘वुई आर अ कपल ऑफ मिसफिट्स’ हे गाणं काढून ‘फेम अँड फॉर्च्युन’ हे नवं गाणं घातलं. आणि युकॉन कॉर्नेलियसचा एक छोटा प्रसंग उडवला. तुम्ही बघितलं असेल, हा सोन्या-चांदीच्या शोधात निघालेला दाढीवाला गडी कुदळ हवेत भिरकावतो, ती बर्फात रुतते, तो ती उचलून टोकाला जीभ लावतो आणि निराश होतो. ही चव कसली घेतो? मी कित्येक वर्षं समजत होते की सोनं चाखून ओळखतो. मग कापलेला प्रसंग बघायला मिळाला. शेवटी सांताच्या कारखान्याजवळ तो पुन्हा कुदळ चाटतो आणि त्याला सापडते पेपरमिंटची खाण. आयुष्यभर तो तीच शोधत होता! पाऊण मिनिटही नसेल, पण तेवढं काढल्यामुळे आख्ख्या पात्राचा अर्थ बदलला. तीस-बत्तीस वर्षं मुलांनी तो कार्यक्रम पेपरमिंटशिवाय बघितला. १९९८ च्या दुरुस्त प्रतीत मूळचं गाणं आणि हा प्रसंग परत आले, आणि ‘फेम अँड फॉर्च्युन’ बाजूला गेलं. काही डिस्कवर ते वेगळी पुरवणी म्हणून मिळतं, मुख्य कार्यक्रमात नाही.

तुमच्या बायकोचं हरवलेलं गाणं बहुतेक हेच. १९६५ ते १९९७ या काळात अमेरिकेत वाढलेल्या मुलांनी टीव्हीवर ‘फेम अँड फॉर्च्युन’च ऐकलेलं असतं. त्यांना ‘मूळ’ गाणं ऐकवलं की ते परकं वाटतं. तुमची बायको चुकलेली नाही आणि डिस्कही चुकीची नाही. दोघांचं वर्ष वेगळं आहे.

हे मला फार महागात पडून कळलं. माझ्याकडे १९९६ साली टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला ‘रुडॉल्फ’ होता, जाहिरातींसकट. पुढे डीव्हीडी घेतली, चित्र इतकं स्वच्छ की कॅसेट आता कशाला ठेवायची असं वाटलं, आणि मी त्याच कॅसेटवर आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. त्या डिसेंबरात डीव्हीडी लावली आणि मुलीने विचारलं, “आई, ते दुसरं गाणं कुठे गेलं?” आपण काय पुसलं ते मला तेव्हा समजलं. तेव्हापासून माझा नियम आहे: नवी डिस्क जुन्या कॅसेटची जागा घेत नाही, तिच्या शेजारी बसते.

‘पीनट्स’ चित्रकथेतल्या चार्ली ब्राऊनचंही तसंच. ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएस वाहिनीवर आला, प्रायोजक कोका-कोला. सुरुवातीला तळ्यावर सगळे स्केटिंग करतात, चार्ली ब्राऊनचा कुत्रा स्नूपी त्याच्या मित्राची, लायनसची, चादर तोंडात धरून दोघा मुलांना गरागरा फिरवतो आणि सोडून देतो. चार्ली ब्राऊन झाडावर आदळतो, फांदीवरचा बर्फ त्याच्या अंगावर पडतो. आणि लायनस? तो चौकटीबाहेर जातो आणि कुठे पडला ते कळतच नाही. पहिल्या प्रसारणात तो कोका-कोलाच्या पाटीवर जाऊन आपटतो. नंतर प्रायोजकाचे उल्लेख काढले, पाटी गेली, आणि लायनस कायमचा हवेत राहिला. माझ्याकडे असलेल्या कुठल्याही अधिकृत डिस्कवर ती पाटी नाही. तेव्हा या कार्यक्रमाच्या बाबतीत ‘पूर्ण आवृत्ती’च्या मागे लागू नका, चित्र आणि आवाज चांगला असलेली प्रत बघा. त्याचा संगीतकार विन्स ग्वाराल्डी, त्याचा पियानो इतका नाजूक वाजलेला आहे की आवाज फार साफसूफ केलेल्या प्रतीत त्यातला श्वास निघून जातो.

आता खरेदी. सगळं एका डब्यात मिळत नाही याची लोकांना चीड येते, पण त्याला कारण आहे. रँकिन-बासच्या कार्यक्रमांचे हक्क दोन घरांत विभागले गेले. साधारण १९७४ च्या आधीचे, म्हणजे ‘रुडॉल्फ’, ‘द लिटल ड्रमर बॉय’ (१९६८), ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ (१९६९), ‘सांताक्लॉज इज कमिंग टू टाऊन’ (१९७०), हे हातोहात होत क्लासिक मीडियाकडे, तिथून ड्रीमवर्क्सकडे आणि २०१६ मध्ये युनिव्हर्सलकडे गेले. नंतरचे, म्हणजे ‘द इयर विदाऊट अ सांताक्लॉज’ (१९७४), ‘रुडॉल्फ्स शायनी न्यू इयर’ (१९७६) वगैरे वॉर्नरकडे आहेत. ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ (१९६६) रँकिन-बासचा नाही, तो चक जोन्सने एमजीएममध्ये केला, तोही आता वॉर्नरकडेच. म्हणजे निदान दोन संच घ्यावे लागणार हे धरून चाला. ‘सगळं एकत्र’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर ती बहुधा घरी बनवलेली डिस्क असते.

आणखी एका फसवणुकीपासून सावध राहा. ‘रुडॉल्फ’ नावाच्या स्वस्त डिस्क दिसतात, त्यांवर अनेकदा १९४८ चा मॅक्स फ्लायशरचा छोटा कार्टूनपट असतो. माँटगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी तो केला होता, आता त्यावर कुणाचा हक्क नाही, म्हणून कुणीही छापतं. त्याला स्वतःचं मोल आहे, माझ्याकडेही आहे, पण त्यात बाहुल्या नाहीत, युकॉन नाही. मागच्या बाजूला वेळ बघा. बाहुल्यांचा ‘रुडॉल्फ’ पन्नास मिनिटांच्या आसपास असतो, तो कार्टूनपट दहा मिनिटांच्याही आत संपतो.

दोन अधिकृत आवृत्त्यांपैकी कुठली, हे कसं ठरवायचं? मी डब्यावरच्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. ‘रीमास्टर्ड’ हा शब्द कुणीही छापू शकतं. मी तीन गोष्टी बघते. पहिली चौकट: हे सगळे कार्यक्रम जुन्या टीव्हीच्या जवळपास चौकोनी, ४:३ च्या चौकटीसाठी केलेले आहेत. नव्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. पडदा पूर्ण भरला असेल तर वरून-खालून चित्र कापलंय, किंवा ताणून सगळ्यांना जाड केलंय. दुसरी गोष्ट पोत. चांगल्या प्रतीत ‘रुडॉल्फ’ थांबवून बघा: अंगावरची लोकर दिसते, सांताच्या कोटाच्या कापडाची वीण दिसते. त्या बाहुल्या खरोखर लहान आहेत. २०२० मध्ये मूळच्या सांता आणि रुडॉल्फच्या बाहुल्या लिलावात ३,६८,००० डॉलरला गेल्या, आता त्या अटलांटातल्या बाहुलीकलेच्या संग्रहालयात आहेत. त्यात सांता अकरा इंचांचा आणि रुडॉल्फ सहा इंचांचा, आणि त्याचं नाक अजून पेटतं. सहा इंचांच्या लोकरीच्या पाडसाचा एकेक केस कॅमेऱ्याने टिपलेला असतो. संगणकाने फिल्मचे कण साफ करायचा अतिरेक केला की ती लोकर प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत होते. हातचित्रांत हीच गोष्ट रेषेवरून कळते. चार्ली ब्राऊनच्या डोक्याची बारीक रेष कुठे फिकट होते, कुठे तुटते का, ते बघा. तिसरी गोष्ट म्हणजे हालचालीच्या मध्यावर चित्र थांबवायचं. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा आल्या तर प्रत फिल्मवरून नव्याने केलेली नसून जुन्या व्हिडिओ टेपवरून उचललेली असते. तसं असेल तर ब्लू-रेला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

या कसोटीवर माझं मत असं: ‘चार्ली ब्राऊन’साठी ब्लू-रे किंवा फोर-के, ‘ग्रिंच’साठी ब्लू-रे घ्या, फरक डोळ्यांना दिसतो. ‘रुडॉल्फ’ची ब्लू-रेही घेण्यासारखी आहे. १९७४ नंतरच्या, कमी लोकप्रिय कार्यक्रमांसाठी साधी डीव्हीडी पुरते.

पुण्यात लागेल का? तुमच्या प्लेयरवर अवलंबून आहे. डिस्क कुठल्या भागातल्या मशीनवर चालावी हे तिच्यावरचा ‘रीजन कोड’ ठरवतो. अमेरिकेतली डीव्हीडी रीजन १ ची, भारतातले प्लेयर रीजन ५ चे. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, भारत सी. काही अमेरिकन ब्लू-रेंवर कोड टाकलेलाच नसतो, त्या कुठेही चालतात, पण एकेक डिस्क तपासून घ्यावी लागते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजन कोड नसतोच. सगळ्यात सोपं म्हणजे ऑल-रीजन प्लेयर घ्या आणि विषय संपवा. भारतातले बहुतेक प्लेयर आणि आजचे टीव्ही एनटीएससी (अमेरिकेतली व्हिडिओ सिग्नलची पद्धत) घेतात, त्याची काळजी नको. उलट युरोपातल्या पाल पद्धतीच्या (भारतातही हीच पद्धत) डीव्हीडी टाळा, कारण तिथे २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळवलेली असते. पंचवीस मिनिटांच्या कार्यक्रमात एक मिनिट कमी होतं, आणि बऱ्याचदा आवाजही थोडा चढतो. ग्वाराल्डीचा पियानो ज्याच्या कानात बसलाय त्याला ते लगेच खटकतं.

डिस्कही अमर नसते. एका प्रकाशकाच्या डिस्क माझ्याकडे अवघ्या पंधरा वर्षांत गेल्या, चांगल्या सांभाळूनही. कडेपासून काळपट डाग पसरले, आधी शेवटची दहा मिनिटं अडकायला लागली, मग डिस्क उघडेनाच. म्हणून वर्षातून एकदा, आमच्याकडे दिवाळीनंतर, मी प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत चालवून बघते. सुरुवात ठीक असली म्हणजे डिस्क ठीक आहे असं समजू नका, बिघाड अनेकदा बाहेरच्या कडेला सुरू होतो आणि कार्यक्रमाचा शेवट तिथेच असतो.

आता तुमच्या तेवीस कॅसेट. दुकानातून विकत घेतलेल्या ज्या असतील, त्यांतल्या बहुतेकांचं काम डिस्क करतील. जागा नसेल तर त्या देऊन टाका, फक्त ‘रुडॉल्फ’ १९९८ च्या आधीचा निघाला तर ठेवा. मात्र हाताने लिहिलेलं लेबल असलेली एकही टाकू नका. तिच्यावर त्या वर्षीचं प्रसारण आहे, त्या रात्रीच्या जाहिराती आहेत, मधल्या सूचना आहेत. कंपनीने डिस्क काढली तरी ती कार्यक्रमाची काढते, त्या संध्याकाळची काढत नाही.

पुण्यात मला सगळ्यात जास्त भीती पावसाळ्याची वाटते. कॅसेटच्या काचेतून आत बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका, नाहीतर टेप वाचणाऱ्या हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. वेगळ्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, बुरशी साफ करणाऱ्याकडेच द्या. बाकीच्या उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या, टेप एका बाजूला पूर्ण गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तिथे नको, पावसात ती भिंत गार पडते. आणि कॅसेटच्या मागची छोटी प्लॅस्टिकची पट्टी अजून शाबूत असेल तर आजच मोडा. ती मोडली की त्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही. माझ्या ‘रुडॉल्फ’ची पट्टी मोडलेली होती, मी तिथे चिकटपट्टी लावून रेकॉर्ड केलं. तुमच्या घरात चिकटपट्टी कुणाच्या हाताशी असते तेही बघून ठेवा.

डिजिटल करताना एक अडचण येते ती आधीच सांगते. तुमच्या कॅसेट एनटीएससीच्या आहेत. भारतातले पुष्कळ जुने व्हीसीआर ‘एनटीएससी प्लेबॅक’ देतात असं लिहिलेलं असतं, पण ते पालसारखा रंग आणि साठ हर्ट्झ असा मिश्र सिग्नल सोडतात. जुना टीव्ही तो दाखवतो, संगणकात चित्र उतरवणारं कॅप्चर कार्ड मात्र तो नाकारतं किंवा चित्र काळं-पांढरं येतं. लोक मग कॅसेट खराब समजून टाकून देतात. तुम्हाला खरा एनटीएससी सिग्नल देणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधावा लागेल, किंवा अमेरिकेतला व्हीसीआर आणून १२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागेल. काम दुसऱ्याला देणार असाल तर पैसे ठरवायच्या आधी एवढंच विचारा, की सिग्नल पालमध्ये बदलून घेणार की एनटीएससीमध्येच. ‘बदलून’ म्हणाले तर दुसरीकडे जा. मूळ फाइल जशी निघाली तशी, न कापता ठेवा. जाहिराती काढून मुलांना दाखवायची प्रत वेगळी करा. ही फाइल घरासाठी आहे, नेटवर चढवू नका. हक्क अजून त्या कंपन्यांचेच आहेत.

सासऱ्यांची कॅसेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी व्हीसीआरचे हेड साफ करा, मग ज्या कॅसेटची फिकीर नाही अशा दोन-तीन त्यावर पूर्ण चालवा. मशीन टेप चावत नाही याची खात्री झाली की ही घाला, थेट प्ले न करता आधी एकदा सावकाश शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, आणि पहिल्याच वेळेला रेकॉर्डिंग सुरू ठेवून चालवा. इतक्या जुन्या टेपला दुसरी संधी मिळेलच असं नाही. त्या काळी कॅसेट वाचवायला लोक सहा तासांच्या संथ वेगावर रेकॉर्ड करायचे, तसं असेल तर चित्र मऊ दिसेल आणि ट्रॅकिंगचं बटण थोडं फिरवावं लागेल. तिच्यावर ‘रुडॉल्फ’ असेल, तर रुडॉल्फ आणि हर्मी भेटतात तिथे आले की बायकोला बोलवा. १९८५ चं प्रसारण असेल तर तिथे ‘फेम अँड फॉर्च्युन’ लागायला हवं. लागलं तर मला नक्की लिहा, आणि त्याच्या आधी-नंतर कुठल्या जाहिराती आहेत तेही लिहा. माझ्याकडे त्या राहिल्या नाहीत.